खाडा कोणाच्या नावावर?

बोरीत कुणाच्या पोराला पुण्यात बढती मिळाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. पगाराचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न: "हाताखाली किती माणसं हायेत?"

पुण्यातल्या मित्रांना हा प्रश्न सरंजामी वाटतो. मला तो लिंक्डइनवरच्या शंभर पोस्टींपेक्षा प्रामाणिक वाटतो. त्यात हात आहे, आणि हाताखाली माणसं आहेत, हे उघड म्हटलेलं आहे. आमच्या ऑफिसात कुणाच्याच हाताखाली कुणी नसतं. तिथे सगळे 'सोबत' काम करतात, 'आपण एक फॅमिली आहोत' असतं, आणि मॅनेजर स्वतःला सर्व्हंट लीडर म्हणवून घेतो. हात असतोच, फक्त खिशात ठेवलेला.

गेल्या काही महिन्यांपासून माझ्याही पदनामात 'लीड' आलं आहे. हाताखाली सहा माणसं. ही बातमी फोनला कुठून लागली कोण जाणे, पण तेव्हापासून रोज सकाळी स्क्रीनवर उपदेश येतो. उत्तम लीडर व्हायच्या पाच सवयी, सात सवयी, अकरा सवयी. टीमला गुड मॉर्निंग म्हणा. वाढदिवस लक्षात ठेवा. ऐकताना मान हलवा. 'मी' नको, 'आपण' म्हणा. कौतुक चारचौघांत करा, कानउघाडणी एकट्यात. एका रीलमध्ये तर शिवाजी महाराज, मुंबईचे डबेवाले आणि धोनी असे तिघंही एका मिनिटाच्या आत उरकले होते.

यातला एकही सल्ला चुकीचा नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. हे सगळे वागण्याचे सल्ले आहेत, हिशोबाचा त्यात एकही नाही. कामाच्या जागी नेतृत्व म्हणजे आधी हिशोब असतो. उशीर झाला तर तो कोणाच्या झोपेतून वसूल होतो? सुट्टी कोणाच्या खात्यावर चढते? सिस्टिम पडली की पहिल्या ओळीत कोणाचं नाव येतं? या प्रश्नांची उत्तरं न बदलता माणूस अकराच्या अकरा सवयी अंगी बाणवू शकतो. उलट गोड बोलणाऱ्याला ते जास्त सोपं जातं.

माणसं सांभाळायचा धंदा मी ऑफिसच्या आधी गावाकडे पाहिला. दिवाळी झाली की जिंतूर तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर-ट्रक भरभरून माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. ज्यांना हे फक्त बातमीत माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. म्हणजे माणसं दोन, मोजणी एक. निघायच्या आधीच मुकादम 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची, टनावर. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. आणि एखादा दिवस कामाला जाता आलं नाही, ताप आला, पाळी आली, पोरगं आजारी पडलं, तर 'खाडा'. खाड्याचा दंड असतो आणि तो हिशोबात कापला जातो.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या बायकांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी जी कारणं सांगितली त्यातलं एक हे होतं: पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही. एक ओळ आहे, पण ती वाचल्यावर 'वर्क-लाइफ बॅलन्स' हा शब्द तोंडातून काढायला जड जातं.

आता स्पष्ट बोलतो, कारण कमेंटमध्ये कुणीतरी हे म्हणणारच आहे. मी एसीत बसतो, दुपारी कँटीनमध्ये डोसा खातो, महिन्याला पगार बँकेत येतो. माझी आणि ऊसतोड कामगाराची तुलना करणं निर्लज्जपणा होईल, आणि मी ती करत नाही. मी तुलना करतोय ती मधल्या माणसाची. मुकादमाची आणि टीम लीडची.

मुकादम सिनेमातला खलनायक नसतो. बहुतेक वेळा तो त्याच तांड्यातला, त्याच भावकीतला असतो, कधीकाळी स्वतः कोयता चालवलेला. उचलीचा पैसा कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून त्याच्या सहीवर येतो. टोळी पळून गेली तर पैसे त्याच्या मानेवर बसतात. म्हणून तो टोळी पळू देत नाही. वरच्याला टन हवेत, खालच्याला श्वास हवा, आणि याला दोन्हींच्या मधे उभं राहून कमिशन मिळतं. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा मुकादमाचं कमिशनही वाढलं. त्याची बाजूही टनाशीच बांधलेली आहे. तो स्वभावाने चांगला असेल तर आजारी बाईला गोळी आणून देईल. खाडा मात्र वहीत लिहील. गोळी त्याच्या मनातून येते, खाडा त्याच्या जागेवरून येतो.

हेच मी एका कंपनीत पाहिलं. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, अशा कंपन्या हिंजवडीपासून खराडीपर्यंत पसरल्या आहेत. आमच्या टीममधल्या एका मुलाच्या वडिलांचं नांदेडला ऑपरेशन होतं. ऐन रिलीजच्या आठवड्यात. आमचा तेव्हाचा लीड खरोखर सज्जन माणूस. एम्पथीवरची दोन दिवसांची कार्यशाळा करून आलेला. त्याने रजा लगेच दिली, "फॅमिली फर्स्ट" म्हणाला, दवाखान्यात फळांची टोपलीही पाठवली. मुलगा आठ दिवस नव्हता. तिथूनही रात्री लॅपटॉप उघडत होता, कुणी न सांगता. एप्रिलमध्ये अप्रेझलचा कागद आला, त्यात रेटिंग एका पायरीने खाली. कारण म्हणून एक वाक्य: मोक्याच्या काळात उपलब्धता कमी. त्या एका पायरीत त्याची त्या वर्षीची पगारवाढ गेली. मुलाने विचारलं तेव्हा लीड कळवळून म्हणाला, "अरे, कुणालातरी खाली टाकावंच लागतं, वरून कर्व्ह येतो."

कर्व्ह वरून येतो हे खरं आहे. टीममध्ये इतके टक्के उत्तम, इतके मध्यम, इतके खाली, असा साचा ठरवून पाठवला जातो. पण त्या साच्यात कोणाचं नाव कुठे बसवायचं ते लीडच्या लॅपटॉपवर ठरतं. आणि रजेवर गेलेला माणूस खाली टाकायला सगळ्यात सोपा असतो, कारण त्यासाठी कारण शोधावं लागत नाही. आमच्याकडे खाडा पाचशे रुपयांचा नसतो. तो रेटिंगचा असतो. वहीत न दिसणारा.

म्हणून माझं म्हणणं असं, की फळांची टोपली पाठवू नका. त्याऐवजी अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मंजूर झालेल्या रजेचा उल्लेख कुठल्याही नावाने येऊ देऊ नका. 'उपलब्धता', 'ओनरशिप', 'कमिटमेंट', ही सगळी खाड्याची टोपणनावं आहेत. दुसऱ्याने लिहिलं असेल तर खोडा. एचआरने विचारलं तर सांगा की रजा मीच मंजूर केली होती, ती आता दोष कशी झाली? हे करायला कार्यशाळा लागत नाही. थोडी बेअदबी लागते.

शेतीतली दुसरी गोष्ट सालगड्याची. मराठवाड्यात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला सुरू होतं. पाडव्याच्या आसपास मालक आणि गडी समोरासमोर बसतात, मधे दोन माणसं असतात, आणि सालाचा आकडा ठरतो. पैसे किती, त्यातले आधी किती, धान्य किती, कपडे, चप्पल, घोंगडी. ही पद्धत गोड नाही, हे मला माहीत आहे. तिच्यात जात आहे, कर्ज आहे, पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्यावर राबलेली घरं आहेत. तिचे गोडवे गाणाऱ्यांपासून मी लांब राहतो. पण तिच्यातली एक बाब आमच्या एप्रिलच्या अप्रेझलपेक्षा सरळ आहे: आकडा वर्ष सुरू होताना सांगितला जातो. आमच्याकडे वर्ष संपल्यावर कळतं की गेलं वर्षभर आपल्याला कशावर मोजत होते. तोवर जो तो आपापल्या समजुतीने धावत असतो. एकजण कोड नीट लिहीत बसतो, दुसरा क्लायंटच्या कॉलवर गोड हसत असतो, आणि मोजणी दुसऱ्याचीच होते.

मी माझ्या सहा जणांना वर्षाच्या सुरुवातीलाच एका पानावर लिहून दिलं आहे की मी काय मोजणार आणि काय मोजणार नाही. रात्री अकरानंतरचा मेसेज मोजणार नाही. शनिवारी ऑनलाइन दिसणं मोजणार नाही. दुसऱ्याच्या अडलेल्या कामात घातलेला वेळ मोजणार. पान आमच्या ग्रुपवर पिन केलेलं आहे. मी फिरलो तर त्यांनी ते माझ्या तोंडावर मारावं, यासाठीच ते लेखी आहे.

आता तासांकडे येऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, अशा अर्थाचं बोलणं गाजलं. दोन्ही वेळा भरपूर मीम्स झाले. मला त्या दोघांचा राग कमी येतो. त्यांनी निदान आकडा उघड सांगितला. आमच्याकडे ७० तास काम होतं आणि टाइमशीटवर ४० लागतात. का? क्लायंटला तेवढ्याच तासांचं बिल ठरलंय म्हणून. जास्त भरले तर 'तुझी प्रॉडक्टिव्हिटी कमी आहे का?' असा प्रश्न येतो. मग सगळे शहाण्यासारखे रोज आठ भरतात.

याचा परिणाम कोणी नीट सांगत नाही, म्हणून सांगतो. पुढच्या प्रोजेक्टचा अंदाज कुठून येतो? मागच्या प्रोजेक्टच्या टाइमशीटमधून. ती म्हणते, हे काम पाच माणसांनी तीन महिन्यांत, रोज आठ तासांत केलं. प्रत्यक्षात ते बारा-बारा तासांत झालं होतं. पण ते बारा तास कुठल्याच कागदावर नाहीत. मग सेल्सवाला नव्या क्लायंटला तोच अंदाज विकतो, थोडी सूट देऊन. नवी टीम पहिल्या दिवसापासून मागे असते, आणि लीड उभा राहून म्हणतो, "गाइज, थोडं पुश करावं लागेल." त्या पुशचे तास पुन्हा लिहिले जात नाहीत. ऊसतोडीत निदान वजनकाटा असतो. काटा मारतात अशी ओरड असते, पण ऊस काट्यावर चढतो तरी. आमचा ऊस काट्यावर चढतच नाही.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. तो आला तेव्हा त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, जादा कामाला दुप्पट दर होता. याच कायद्यात गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाच्या पदांवरच्या माणसांना वगळलेलं आहे. म्हणजे 'लीड' ही पदवी नुसती मानाची नसते. ती देऊन माणसाला तासांच्या हिशोबातून बाहेर काढायचा रस्ता तयार होतो. पेढे वाटताना हे कुणी सांगत नाही.

म्हणून दुसरी रोजची गोष्ट: टाइमशीटमध्ये खरे तास लिहू द्या. नुसतं लिहू देऊ नका, लिहायला लावा. पहिल्या महिन्यात वरून फोन येईल. दुसऱ्या महिन्यातही येईल. पण तोवर तुमच्याकडे दोन महिन्यांचे खरे आकडे जमलेले असतील, आणि त्या आकड्यांशी भांडणं 'टीम दमलीय हो' या वाक्याशी भांडण्यापेक्षा अवघड असतं.

चुकांच्या बाबतीत एक गोष्ट दरवर्षी फॉरवर्ड होते. १० ऑगस्ट १९७९ ला इस्रोचं एसएलव्ही-३ पडलं तेव्हा सतीश धवन पत्रकारांसमोर गेले आणि अपयश स्वतःकडे घेतलं. १८ जुलै १९८० ला ते यशस्वी झालं तेव्हा त्यांनी अब्दुल कलामांना पुढे केलं. गोष्ट कलामांनीच सांगितलेली आहे, सुंदर आहे. पण फॉरवर्ड करणारे तिच्यातून 'मोठं मन ठेवा' एवढंच घेतात. धवन इस्रोचे अध्यक्ष होते. ज्याच्या अंगावर दोष घेतल्याने खालच्याचा बचाव होतो, त्याने दोष घेण्याला किंमत असते. माझ्यासारख्या लीडने मीटिंगमध्ये "चूक माझी" म्हणून छाती पुढे केली आणि तरीही मेलच्या तिसऱ्या ओळीत पोराचं नाव राहिलं, तर ते नाटक झालं.

त्यापेक्षा मला गिटलॅबचं प्रकरण उपयोगी वाटतं. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. त्यांचा एक इंजिनिअर बिघडलेली डेटाबेसची दुय्यम प्रत दुरुस्त करत होता. तिथला डेटा पुसायची कमांड त्याने दिली आणि ती चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले. नेहमीचा बॅकअप कधीपासून निघतच नव्हता, कारण साधनाची आवृत्ती जुळत नव्हती, आणि तो निघत नसल्याचे मेल वाटेतच अडकत होते. शेवटी वाचवलं ते त्याच इंजिनिअरने सहा तास आधी हाताने काढून ठेवलेल्या एका प्रतीने.

कंपनीने सगळी दुरुस्ती लोकांसमोर लाइव्ह दाखवली आणि नंतर सविस्तर अहवाल छापला. त्यात त्या माणसाचं नाव 'टीम-मेंबर-१' एवढंच आहे. त्याला काढलं नाही. अहवालात विचारलेले प्रश्न बघा: बॅकअप चालू आहे की नाही हे तपासायची जबाबदारी कोणाकडे होती? कोणाकडेच नाही, हे उत्तर त्यांनी लिहून टाकलं. आमच्याकडे हेच झालं असतं तर त्या पोराचं नाव रात्रीच सगळ्यांना कळलं असतं आणि बॅकअप मात्र आणखी सहा महिने बंदच राहिला असता. नाव लिहिलं की तपास संपतो. गुन्हेगार सापडला, चला जेवायला. यात माणुसकीचा मुद्दा आहेच, पण नुसतं इंजिनिअर म्हणून पाहिलं तरी हा मूर्खपणा आहे.

आता मुख्य आक्षेप, जो मला माझेच मित्र घेतात. लीडच्या हातात असतं काय? डेडलाइन वरून, बजेट वरून, कर्व्ह वरून. तू काय बदलणार? बरोबर आहे, फारसं नाही. आणि म्हणूनच सगळं बदलून टाकू शकतो अशा थाटात येणाऱ्या लीडरशिपच्या रतीबाला माझा विरोध आहे. त्यात सगळा भार मधल्या माणसाच्या स्वभावावर टाकलेला असतो. टीम मोडली तर लीडमध्ये एम्पथी कमी पडली. तीन माणसांचं काम दोघांत विकणारा त्या गोष्टीत येतच नाही. कार्यशाळेचं बिलही तोच भरतो, म्हणा.

पण फारसं नाही म्हणजे शून्य नाही. आणि जिथे शून्य आहे तिथे ते टीमला सांगता येतं. "ही तारीख मी ठरवलेली नाही, मला ती चुकीची वाटते, आणि मी तसं लेखी कळवलंय," एवढं वाक्य. मुकादम हे वाक्य बोलू शकत नाही, कारण उचलीवर त्याची सही असते. मी बोलू शकतो. मला अजून तरी कुणी उचल दिलेली नाही. गृहकर्ज आहे, पण ते बँकेचं.

गावाकडे आणखी एक पद्धत आहे, तिचं मात्र रील कुणी केलेलं नाही. सोयाबीन काढायला आलं की आमच्याकडे बायकांचे गट 'गुत्तं' घेतात. म्हणजे रोजाने नाही, एकरी अमुक रुपये, अशा बोलीवर. गटातली एकजण बोलणी करते. ती आधी रान बघून येते. पीक किती दाट आहे, तण किती, जमीन ओली आहे का, शेंगा फुटायला लागल्यात का. मालक म्हणतो, "तीन एकर आहे, दोन दिवसांत होईल." ती म्हणते, "तुमच्या सातबाऱ्यात तीन असंल, बांधाकडचं गवत कोण मोजायचं?" मग आकडा वाढतो. किंवा वाढत नाही आणि गट दुसऱ्या शेतात जातो. ठरलं की तीही विळा घेऊन त्याच ओळीत वाकते. संध्याकाळी हजेरी वहीत लिहिते, तिला लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घेते. पैसे आले की वाटणी होते. बोलणी केली म्हणून तिला वेगळं काही मिळत नाही, चहाचा एखादा जादा कप सोडला तर. तिला कुणी लीडर म्हणत नाही. पण आकडा मान्य करण्याआधी रान बघायचं, हे मी तिच्याकडून घेतलं आहे.

पुढच्या बुधवारी आमची नव्या रिलीजची अंदाजाची मीटिंग आहे. सेल्सने क्लायंटला दहा आठवडे सांगून टाकले आहेत. माझ्याकडे सहा जणांचे गेल्या दोन महिन्यांचे खरे तास आहेत, आणि त्यांच्या हिशोबाने आकडा चौदाच्या खाली येत नाही. आठवडे वाढवायचे नसतील तर कामातलं काय वगळायचं याची यादीही केली आहे. मॅनेजरला दोन्ही शुक्रवारीच मेल केलंय. त्याचं उत्तर आलं: "लेट्स बी पॉझिटिव्ह." यादी पुन्हा पाठवली आहे, या वेळी सेल्सवाल्यालाही सीसीत ठेवून.